लेबलवरची वेणी

मंगळवार हा आमच्या दुकानात केस दाखवायचा दिवस असे.

त्या मंगळवारीही सकाळी आत्याने काचेपाशी स्टूल मांडलं, आईला रस्त्याकडे पाठ करून त्यावर बसवलं आणि तिची वेणी सोडली. आईचे केस स्टुलावरून खाली फरशीला टेकत, म्हणून खाली धुतलेली चादर अंथरलेली असे. आत्या मोठ्या दातांच्या कंगव्याने वरून खालपर्यंत सावकाश केस विंचरायची. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबायच्या, मग आत यायच्या, केस हातात घेऊन बघायच्या. एखादी हळूच ओढूनही बघे. बाबा गल्ल्यावरून म्हणत, "आधी केस बघा, ताई. ओढून बघा ना! मग बाटली बघा. आणि घरी विचारून येते असं म्हणू नका, घरी गेलेली बाई परत येत नाही!"

बायका हसायच्या आणि बाटली घ्यायच्या. दुकानामागच्या खोलीत बाबा स्वतः तेल उकळत. बाटलीवरच्या लेबलवर आईच होती, पाठमोरी, गुडघ्याखाली गेलेले केस मोकळे सोडून. लग्नानंतर वर्षभरात बाबांनी तो फोटो काढून घेतला होता. चेहरा त्यात नव्हताच. सगळा बाजार तिला वेणीबाई म्हणे.

"आज जरा हळू, वन्सं," आई म्हणाली.

"हळूच तर करतेय. अजून हळू म्हणजे कंगवा हातात धरून नुसती उभी राहू का?" आत्या म्हणाली.

समोरच्या गाळ्यात कपडे शिवणाऱ्या शिंपीणकाकू बाटली न्यायला आल्या होत्या. त्यांनी केसांचं टोक हातात घेतलं. "वेणीबाई, एवढं डोक्यावर घेऊन झोपता कशा हो? माझ्या डोक्यावर नवऱ्याचा एक शब्द पेलत नाही!"

आई हसली. तिची मान मात्र हलली नाही. मी तेव्हा बाटल्यांना झाकणं लावत होते. तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती, ते मला दिसत होतं.

तो शेवटचा साधा दिवस होता.

आईला छातीचा कॅन्सर झाला होता. औषधाचा पहिला डोस देऊन पंधरवडा होत आला होता. हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं आणि घरातही तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. बाबा 'तिचं ते' म्हणत, आत्या 'अशक्तपणा' म्हणे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहून वाचनालयात नोकरी करत होते, ती आजार कळल्यावर घरी राहायला आले. पहिल्याच रात्री आईने माझ्याकडून वचन घेतलं. "दुकानात ते नाव काढायचं नाही. माझ्यामुळे दुकान बसलं असं कोणी म्हणायला नको. शपथ घे." मी घेतली.

हॉस्पिटलमधल्या नर्सने आईला आधीच सांगितलं होतं. केस जाण्यापूर्वी डोक्याची कातडी हुळहुळी होते. दिवसभर घट्ट अंबाडा बांधून संध्याकाळी सोडल्यावर मुळं दुखतात, तसं दुखतं, उशीही सहन होत नाही. आताच केस बारीक कापून घ्या, ओझं कमी झालं की दुखणंही कमी होतं. सौम्य साबण, मऊ सुती रुमाल आणि मऊ अभ्रा वापरा. तेल चोळू नका. "आणि ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. तडक इकडे यायचं. या औषधाने अंगातली लढायची ताकद जाते, साधं गळूसुद्धा जीव घेऊ शकतं," ती म्हणाली होती. बाबा शेजारीच बसले होते.

त्या मंगळवारी संध्याकाळी आई जेवताना म्हणाली, "अहो, कापूनच टाकू या का? डोकं नुसतं ठणकतंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "कापायचे? वेड लागलंय का तुला? इतकी वर्षं लोक काय बघून तेल नेतात?"

"जातीलच म्हणे."

"त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांचे जात असतील. त्यांनी आयुष्यभर आपलं तेल लावलंय का?"

हे ते मनापासून बोलत होते. हे मला पुढे फार वेळा स्वतःला सांगावं लागलं. बाबा लबाड नव्हते. त्यांचा त्या तेलावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली तेव्हा तिच्या उशीवर बोटाएवढी जाड बट पडलेली होती. आत्याने कंगवा लावला, तर त्याच्यासोबत आणखी आली.  आत्याने बाबांना अशी हाक मारली, जशी दूध उतू जाताना मारतात. बाबा धावत आले, आणि मागच्या खोलीतून लेबलं कापायची कात्री घेऊन आले.

"वेणी घाल आधी," ते आत्याला म्हणाले. "सुटे केस पसरले तर वाया जातील."

आत्याने घट्ट वेणी घातली. आईने डोळे मिटून घेतले होते. बाबांनी मुळापाशी कात्री घातली. कात्री कागदाची होती, केस तुटेनात, त्यांना रेटून रेटून कापावं लागलं. वेणी सुटून हातात आली तेव्हा त्यांनी ती मऊ फडक्यात गुंडाळली, दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि बाहेर नेली. आईच्या डोक्यावर वेड्यावाकड्या कापलेल्या बटा राहिल्या होत्या, त्या मी नंतर काढल्या. स्नानघराच्या आरशात तिने स्वतःला पाहिलं आणि म्हणाली, "कान केवढे आहेत गं माझे! एवढी वर्षं कळलंच नाही." आम्ही दोघी हसलो. माझ्या एका जुन्या सुती झग्याचा मी तिला रुमाल शिवून दिला. तो बांधला तेव्हा ती म्हणाली, "आता गार वाटतं."

तो रुमाल तिला फार दिवस लाभला नाही.

नाटकमंडळींचे टोप करणारा एक कारागीर होता. बाबांनी वेणी त्याच्याकडे दिली. टोप तयार होईपर्यंत वेणीबाई बहिणीकडे गेल्याचं गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि आई तेवढे दिवस दुकानामागच्या खोल्यांत पडदे ओढून राहिली. मग टोप आला. जाड कापडाची घट्ट टोपी आणि तिच्यावर एकेक करून ओवलेले आईचेच केस, गुडघ्याखालपर्यंत. बाबा इतके खुश झाले की त्यांनी आधी तो स्वतःच्या मुठीवर चढवून आम्हाला दाखवला.

"यात खोटं काय आहे सांग," ते मला म्हणाले, कारण मी तोंड फिरवलं होतं. "केस तिचेच, डोकं तिचंच."

एवढ्या केसांचं ओझं नुसत्या टोपीवर राहीना, ती मागे घसरे. कारागिराने दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी दिली होती. ती कपाळाच्या वर आणि मानेच्या मागे लावून टोप दाबून बसवायचा. सकाळी लावताना एकदा आणि रात्री काढताना एकदा आई स्नानघराचं दार आतून लावून घ्यायची. काढताना नळ सोडून ठेवायची. एकदा पाणी गेलं होतं, तेव्हा मला नळाच्या आवाजाआड लपणारा आवाज ऐकू आला. तोंडात टॉवेल धरून माणूस जसा कण्हतो, तसा.

"आई, दुखतंय का?" मी दाराबाहेरून विचारलं.

"नाही गं. जरा ओढल्यासारखं होतं."

'दुखतंय' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. जरा हळू, जरा ओढतं, जरा गरम होतं. सगळं 'जरा'.

मंगळवार पुन्हा सुरू झाले. आत्या टोपाचे केस विंचरायची, पण आता वरपासून नाही, कानाखालून. बायका केस हातात घ्यायच्या. "बहिणीकडे आजारी होतात म्हणे, वेणीबाई? पण केस बघा, तसेच!" बाबा गल्ल्यावरून म्हणायचे, "अंगात अशक्तपणा आला, पण केसांनी दाद दिली का? हीच तर गंमत आहे!" त्या महिन्यात बाटल्या कमी पडल्या.

दुकान बंद झाल्यावर तरी टोप उतरावा, असं मला वाटत होतं. पण बाबांना तिचं डोकं बघवत नव्हतं. टोप आल्यावर पहिल्याच रात्री तो उतरवून ती रुमाल बांधून जेवायला आली, तर ते ताट सरकवून उठले. "माझ्यासमोर तरी नीट येत जा. घशाखाली उतरत नाही मला." आत्या तिच्या कानाशी म्हणाली, "पुरुषमाणसाच्या डोळ्यांसमोर बोडकं डोकं घेऊन बसू नये गं. समजून घे. त्याला काय कमी घोर लागलाय?" तेव्हापासून आई जेवणालाही टोप घालून येऊ लागली. घोर बाबांना लागला होता, आणि टोप तिच्या डोक्यावर होता.

दुसऱ्या डोसाच्या वेळी नर्सने टोप काढायला लावला. पट्टीखाली लाल चट्टे उठले होते, त्यांवर पुटकुळ्या. नर्स बाबांना म्हणाली, "हे ताबडतोब बंद करा. उघडं राहू द्या. यात जंतू गेले तर आवरता येणार नाहीत." बाबांनी मान डोलावली. वाटेत ते आईला म्हणाले, "यांना केस गेल्याचं काय? यांना फक्त आपली औषधं माहीत." त्याच संध्याकाळी त्यांनी तेल गरम केलं.

नेहमीचं नाही. सगळ्यात दाट, दोनदा उकळलेलं, जे ते विकतही नसत. आईला पाटावर बसवून त्यांनी स्वतःच्या हातांनी ते तिच्या डोक्याला चोळलं. पुटकुळ्यांवर, चट्ट्यांवर, सगळीकडे. "उगवतील बघ. मुळं मेलेली नाहीत. माझं तेल आहे हे." मी मध्ये पडले, "बाबा, नर्स काय म्हणाली?" तर आईनेच मला हाताने थांबवलं.

नंतर मी तिच्यावर चिडले. "का चोळू देतेस?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या केसांना सगळ्या बाजाराने हात लावला. ह्यांनी डोक्यावरून हात फिरवलेला हा पहिलाच."

त्यानंतर रोज रात्री टोप उतरला की तेल आणि रोज सकाळी त्यावर घट्ट टोप. कारागिराची पट्टी तेलावर चिकटेना, म्हणून बाबांनी जास्त चिवट पट्टी आणली. आत्या उशीचे अभ्रे धुताना नाक मुरडायची. "काय वास येतोय गं हा?"

तिसऱ्या डोसाला आई रुमाल बांधून गेली, नर्स दुसरी होती, तिने तो सोडायला लावला नाही. त्यानंतर एक घाऊक व्यापारी दुकानात आला. बाबांचं तेल त्याला शहराशहरांत न्यायचं होतं. पण लेबल जुनाट आहे, नवा फोटो हवा, आणि केस खरे आहेत हे आपण स्वतः बघणार, असं तो म्हणाला. फोटोग्राफर घेऊन येण्याचा दिवस ठरला. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा आईच्या तब्येतीबद्दल आपणहून बोलले. "तेवढा एक दिवस निभावून ने. मग तुला काही म्हणणार नाही."

फोटोच्या दिवशी सकाळी आईचं अंग भाजत होतं. मी तापमापक लावला आणि तो बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. "आत्ता निघायचं. नर्सने सांगितलंय."

"दुपारपर्यंत. फक्त दुपारपर्यंत."

मी रस्त्यावर जाऊन टॅक्सी आणली. आईचा हात धरून तिला उठवत होते, तेवढ्यात बाबांनी बाहेर जाऊन टॅक्सी परत पाठवली. आत्याने तापाची गोळी आईच्या जिभेवर ठेवली. "घाम आला की उतरतो. एवढ्या तेवढ्याला हॉस्पिटल काय!" मी दुसरी टॅक्सी आणायला निघाले तर आई म्हणाली, "होऊ दे गं एकदाचं. मग जाऊ. मग मी हे डोक्यावर पुन्हा घालणार नाही, ह्यांनी कबूल केलंय."

ती टोपासाठी मान खाली घालून बसली. आत्याने मानेमागची पट्टी दाबली तेव्हा तिच्या बोटांना पू लागला. तो तिने आपल्या साडीला पुसला आणि पट्टी परत दाबली.

फोटोग्राफरने दुकानात दोन मोठे दिवे लावले. आईला दिव्यांसमोर पाठमोरी बसवलं. तिच्या अंगाला थरथर सुटली होती. "बाई, जरा स्थिर. मान वर. अजून वर. वा!" बाबा दुकानाच्या शटरपाशी उभे राहून हात चोळत होते. व्यापाऱ्याने जवळ येऊन केस उचलले, उजेडात धरले, बोटांमधून सोडले.

"खरे ना हो? नाहीतर आजकाल काय काय निघतं."

"ओढून बघा ना!" बाबा हसून म्हणाले. दर मंगळवारी कितीतरी वेळा म्हणत आलेलं वाक्य, सवयीने तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यांचाही चेहरा उतरला. पण व्यापाऱ्याने केस हाताला एक वेढा देऊन गुंडाळले होते. त्याने ओढले.

मी समोर होते. आईचा चेहरा फक्त मला दिसत होता. तिचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहिलं. पट्टी चिवट होती, टोप हलला नाही.

"पक्के आहेत," व्यापारी म्हणाला. "घेतलं तेल."

फोटोग्राफरने फोटो घेतला. त्यातही तिचा चेहरा नाही.

आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि आई शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी टोप पाण्याने भिजवून, मग औषधाने भिजवून, मग चिमट्याने काढला. तरी काही ठिकाणी तो एकटा आला नाही. नर्सने तो पिशवीत घालून बाबांच्या हातात दिला. विष रक्तात गेलं होतं. मधे एकदा आई शुद्धीवर आली, तिने डोक्याकडे हात नेला, तिथे पट्ट्यांचं मऊ सुती बँडेज लागलं. "रुमाल बांधलास?" तिने मला विचारलं. मी हो म्हणाले. "गार वाटतंय," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आमच्या घराच्या खोल्या अरुंद, म्हणून तिला दुकानातच ठेवलं. भिंतीवरच्या फळ्यांवर तेलाच्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येक बाटलीवर आई, आणि सगळ्याजणी तिच्याकडे पाठ करून. आत्या आतून टोप घेऊन आली. तिने तो धुतला होता, वाळवला होता, विंचरला होता.

"आत्या, काय करतेस?"

"अशीच नेऊ का तिला? सगळा बाजार येतोय. वेणीबाई म्हणून ओळखतात तिला लोक."

मी बाबांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, रडून डोळे सुजले होते. "घाल," ते म्हणाले. "शेवटचं एकदा. तिला असं कोणी बघायला नको." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कशाने गेली विचारलं तर हृदयाने म्हण."

एखाद्या घरात मुलीची सोयरीक मोडेल म्हणून लपवतात, एखाद्या घरात शेजारी काय म्हणतील म्हणून. आमच्या घरात दुकानासाठी लपवलं. लपवणारी माणसं बहुतेक वेळा रडणारीच असतात, तिच्यावर जीव असलेली. आणि जिचं दुखणं लपवतात, तिलाच ते झाकून धरायला लावतात, स्वतःच्या डोक्यावर, तिचा हात थकून गळून पडेपर्यंत.

बायका येऊ लागल्या. शिंपीणकाकू सगळ्यांत पुढे होत्या. आत्याने टोप दोन्ही हातांनी उघडून धरला आणि आईच्या बँडेजवर टेकवायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तमाशा करू नकोस."

मी टोप तिच्या हातातून काढून घेतला. तो किती जड होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण आईने मला तो कधीच उचलू दिला नव्हता. मी तो गल्ल्यावर ठेवला. केस गल्ल्यावरून खाली फरशीपर्यंत लोंबले.  मी आईचं बँडेज सोडलं. हॉस्पिटलमध्ये ते सोडताना मी पाहिलं होतं. कोणीतरी 'अगं बाई' म्हणून तोंडावर पदर घेतला. बाबा उठून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत.

"हे काय झालं गं?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "हे कशाने? आम्ही इतक्यांदा आलो. ती काही बोलली कशी नाही?"

मी आईला दिलेली शपथ मला आठवत होती. मी झग्याचा रुमाल तिच्या डोक्याला सैल बांधला, गाठ मानेवर येऊ नये म्हणून बाजूला घेतली, आणि बाबांकडे न बघता, दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आईला कॅन्सर होता. औषधाने तिचे केस गेले, ते कोणाचेही जातात, कुठल्याही तेलाने थांबत नाहीत. तुम्ही हातात घेऊन बघत होतात ती वेणी तिच्या डोक्यावर चिकटवलेली होती. डोक्याला जखमा होत्या. ताप आला त्या दिवशी तिला हॉस्पिटलला नेलं नाही, फोटो काढला. ती तुम्हाला बोलली नाही, मलाही बोलली नाही, म्हणून मी सांगते. तिला दुखत होतं. फार दुखत होतं."